सहाशे चाळीस

एडिंबराला शिकायला आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मी दोन संकल्प सोडले. शनिवारी समाजसेवा करायची आणि रविवारी शहर बघायचं. मराठीत संकल्प 'सोडतात', यातली दूरदृष्टी मला पुढे डिसेंबरात कळली.

समाजसेवा म्हणजे किल्ल्यापासून दहा मिनिटांवरचं एक चॅरिटी शॉप. लोकांनी दिलेले कपडे, कपबश्या, पुस्तकं विकायची आणि पैसे सत्कार्याला द्यायचे. "मला ग्राहकांशी बोलायला आवडेल," असं मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. पहिल्याच आजोबांनी काहीतरी विचारलं. मी तीनदा "सॉरी?" म्हणालो आणि चौथ्यांदा अंदाजाने त्यांना पडदे दाखवले. त्यांना स्वच्छतागृह हवं होतं. दुपारपर्यंत माझी रवानगी तळघरात झाली.

"तुझ्यासाठी एक वी काम आहे," मॅनेजर बाई म्हणाल्या. वी म्हणजे छोटंसं. इथे सगळंच वी असतं. चहा वी, चढ वी, छत्री उलटीपालटी करून सोडणारा वाराही वीच. माझं वी काम म्हणजे हजार तुकड्यांचं जिगसॉ मोजणं. दान आलेल्या खोक्यात हजारच्या हजार तुकडे आहेत ना, हे विकण्याआधी बघायला हवं. दहा-दहाच्या ढिगाऱ्या करायच्या, खोकला आला तर गिळायचा. सहाशे चाळीसपर्यंत आलो, आणि धडाम्!

मी उडालो. ढिगाऱ्याही उडाल्या.

किल्ल्यावरची तोफ. 1861 सालापासून ती दुपारी एकला उडते. फर्थ ऑफ फोर्थ या इथल्या खाडीतल्या जहाजांना आपली घड्याळं लावता यावीत म्हणून ही सोय. त्याआधी वेळेची खूण म्हणून कॅल्टन हिल या टेकडीवरून एक मोठा गोळा खाली सोडत, पण धुक्यात तो दिसेना, मग आवाज काढला. बाराला न उडवता एकला का, तर बारा बारांपेक्षा एक बार स्वस्त पडतो, असं इथले लोक स्वतःच्याच काटकसरीवर हसून सांगतात. सदाशिव पेठेत वाढल्यामुळे यात हसण्यासारखं काय, ते मला कळलं नाही.

पुढचे चार शनिवार हेच. एक वाजता तोफ आणि माझं पहिले पाढे पंचावन्न. शेवटी ठरवलं, जिने माझी समाजसेवा धुळीला मिळवली तिचं तोंड एकदा बघायचंच. रविवारी किल्ल्यावर गेलो. तिकिटाच्या पौंडांना शंभरने गुणलं, पोटात गोळा आला, तरी काढलं. साडेबारापासून तोफेसमोर उभा. एक वाजला. एक वाजून पाच झाले. शेजारी फक्त एक समुद्रपक्षी.

"रविवारी उडत नाही, बाळा," तिथला माणूस म्हणाला.

शनिवारी उडते तेव्हा मी तळघरात आणि मी मोकळा तेव्हा तिला साप्ताहिक सुट्टी. पुण्यातल्या दुकानांशी हिचं नक्की काहीतरी नातं असणार.

बाकी रविवारांचंही फार वेगळं नव्हतं. इथे 22 वर्षांखालच्यांना बस फुकट, मी तेवीसचा. त्यामुळे पायीच आर्थर्स सीट ही टेकडी चढलो. उंची 251 मीटर. माथ्यावर पोचून, वाऱ्याने डोळ्यांतून पाणी येत असताना, हिशेब केला. पुणेच समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर आहे. म्हणजे एवढं धापा टाकत चढूनही मी आमच्या दिवाणखान्यापेक्षा तीनशे मीटर खालीच होतो! कॅल्टन हिलवर ग्रीक देवळासारखं एक स्मारक आहे. 1829 मध्ये पैसे संपले आणि बारा खांबांवर काम थांबलं, ते कायमचं. आम्ही दुकानात असल्या खोक्यावर 'तुकडे कमी' अशी चिठ्ठी लावून ते पन्नास पेन्सना काढतो. यांनी टेकडीवर ठेवलं, तर लोक फोटो काढायला येतात.

डिसेंबरात मी धीर करून एका शनिवारची सुट्टी मागितली. "मग रविवारी ये की," बाई म्हणाल्या. परत तिकीट काढलं, परत शंभरने गुणलं. या वेळी गर्दी होती. सैनिक आला, सगळ्यांनी मोबाइल वर धरले, मीही धरला. धडाम्! सवयीने मी उडालोच, आणि तोंडातून खणखणीत "सहाशे चाळीस!" निघालं. पुढची एक बाई वळून बघायला लागली.

व्हिडिओ आईला पाठवला. पुण्यात साडेसहा वाजून गेले होते, म्हणजे दिवेलागणीच्या वेळी तिने तो दोनदा पाहिला.

"यात तोफ कुठाय? नुसतं आभाळ आणि तुझी बाही."

"हात हलला गं."

"बाही चांगली आहे पण. नवीन कोट?"

"आमच्या दुकानातला. मीच वाफेची इस्त्री केली होती त्याला. आठ पौंड."

तिने गुणाकार केला असावा, कारण ती जरा वेळ गप्प होती.

"म्हणजे कामही तूच केलंस आणि पैसेही तूच दिलेस?"