पोळ्या लाटणं म्हणजे व्यायाम नव्हे

गेल्या महिन्यात एकच मजकूर माझ्याकडे पाच ठिकाणांहून आला. सोसायटीच्या ग्रुपवर, माहेरच्या ग्रुपवर, भिशीच्या ग्रुपवर, शाळेतल्या मैत्रिणीकडून, आणि शेवटी धाकट्या नणंदेकडून, "वहिनी, खास तुझ्यासाठी" असं वर लिहून. मजकूर थोडक्यात असा: आपल्या आज्या-पणज्यांनी कधी व्यायाम केला नाही तरी त्या ठणठणीत होत्या, कारण घरकाम हाच बाईचा व्यायाम. परदेशी ट्रेनरचे व्हिडिओ लावून घरात उड्या मारल्या की गुडघे जातात. बायकांनी वजनं उचलली की शरीर पुरुषी होतं. तीस दिवसांत वजन उतरवण्याची भाषा ही निव्वळ फसवणूक. आणि परदेशी डाएटची पुस्तकं आपल्या काय कामाची, आपलं वरण-भात-भाजी-पोळीचं ताट मुळातच परिपूर्ण आहे.

मी ५४ वर्षांची आहे. कोथरूडला राहते. दोन वर्षांपूर्वी मुलीने मला जिलियन मायकल्स या अमेरिकी ट्रेनरचा 'थर्टी डे श्रेड' लावून दिला. २००८ साली डीव्हीडीवर आलेला हा कार्यक्रम. तीन पायऱ्या, प्रत्येक पायरी साधारण २५ मिनिटांची. तीन मिनिटं ताकदीचे प्रकार, दोन मिनिटं दम लागेल असं काही, एक मिनिट पोटाचं, आणि हे चक्र तीनदा. मी तो केला, अजून करते, तिची पुस्तकंही वाचली. त्यामुळे या मजकुरातल्या प्रत्येक वाक्याला मला उत्तर द्यायचं आहे.

आजीपासून सुरुवात करते, कारण तेच वाक्य सगळ्यांना पटकन पटतं. माझी आजी सासवडकडच्या एका खेड्यात राहायची. पहाटे जात्यावर दळायची, विहिरीचं पाणी शेंदायची, हंडा डोक्यावर आणि कळशी कमरेवर घेऊन चढ चढायची. ही वजन उचलण्याची मेहनत होती, आणि ती रोजची होती. माझ्या घरी दळण गिरणीतून येतं, पाणी नळाला येतं, वाटण मिक्सरमध्ये होतं, कपडे मशिनमध्ये. केर-फरशीला ताई येतात. मला उरतं ते ओट्याशी उभं राहणं. दोन-अडीच तासांनी पाय भरून येतात, कंबर धरते, आणि त्या थकण्यालाच आपण व्यायाम म्हणतो. पण स्नायूला बळ यायचं तर त्याच्यावर सवयीपेक्षा जास्त भार पडावा लागतो आणि तो हळूहळू वाढवत न्यावा लागतो. माझं लाटणं वीस वर्षांपूर्वी जेवढं जड होतं तेवढंच आजही आहे.

आणि आजी ठणठणीत होती हे तरी कुठे खरं आहे? साठीतच ती कमरेत वाकली. पुढची पंधरा वर्षं तिने समोरच्या माणसाचा चेहरा मान वर करून पाहिला. हाडं ठिसूळ होऊन मणके दबले की असं पोक येतं, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही म्हणायचो, वय झालं. बाळंतपणातून उठून लगेच जड कामाला लागलेल्या कितीतरी बायकांचं अंग बाहेर यायचं आणि त्या जन्मभर ते कुणाला सांगायच्या नाहीत. त्या बोलल्या नाहीत म्हणून आज आपण त्यांना निरोगी ठरवतो, याचं मला फार वाईट वाटतं.

घरकामावर आकडेही आहेत. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात असं दिसलं; पुरुषांची ९७. म्हणजे रोज पाच तास. त्याच सुमाराला झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पहिल्यांदाच कंबर मोजली गेली, आणि १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी सुमारे ४० टक्के बायकांच्या पोटावर धोक्याची चरबी निघाली. पाच तासांच्या घरकामाने भागत असतं तर हा आकडा असा आला असता का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात दोन गोष्टी सांगितल्या आहेत. आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेलसं चालणं किंवा तसं काही, आणि शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम. पुण्यात पहिल्या गोष्टीची उणीव नाही. वेताळ टेकडीवर, तळजाईवर, पर्वतीच्या १०३ पायऱ्यांवर सकाळी साडेपाचपासून सत्तरीची माणसं असतात आणि मला त्यांचा फार आदर वाटतो. सुटते ती दुसरी गोष्ट, आणि बायकांची तर हमखास सुटते. मी स्वतः बारा वर्षं नेमाने टेकडीवर जात होते. तरीही पहिल्या दिवशी मला गुडघे टेकूनसुद्धा पाच जोर काढता आले नाहीत.

आता गुडघे. हा मुद्दा मी झटकून टाकणार नाही, कारण तिसऱ्या आठवड्यात माझा उजवा गुडघा खरंच दुखायला लागला होता. पण का, ते सांगते. मी अनवाणी, थेट फरशीवर उड्या मारत होते. घरात चप्पल-बूट घालायचे नाहीत हे आपल्या हाडीमांसी भिनलेलं आहे. फिजिओथेरपिस्टकडे गेले. त्यांनी व्हिडिओ बंद करायला सांगितलं नाही. व्यायामापुरते वेगळे, स्वच्छ तळव्यांचे बूट घ्या, खाली जाड मॅट टाका, उड्यांच्या जागी पाय नुसता बाजूला टाका, आणि मांडीच्या पुढचा स्नायू बळकट करा, असं सांगितलं. गुडघ्याची झीज असलेल्या माणसालाही आज डॉक्टर सगळ्यात आधी व्यायामच सांगतात, कारण मांडीचा स्नायू भार पेलतो तेवढा सांध्यावरचा ताण हलका होतो. सहा आठवड्यांत दुखणं गेलं. ज्यांनी हा कार्यक्रम पाहिला आहे त्यांना आठवेल, जिलियनच्या मागे दोघी व्यायाम करत असतात. नताली अवघड प्रकार करते, अनिता सोपा. मी सहा महिने फक्त अनिताकडे पाहून केलं. गुडघे नतालीच्या मागे धावताना जातात, आणि तेही पहिल्याच आठवड्यात धावलं तर.

एक गोष्ट मात्र खरी: व्हिडिओतला ट्रेनर आपल्याला पाहू शकत नाही. माझी पाठ वाकते की नाही हे तिला कळत नाही. त्यावर माझा उपाय असा की महिन्यातून एकदा मुलगी मोबाइलवर माझं बाजूने चित्रण करते आणि आम्ही दोघी ते पाहतो. पहिल्या वेळी कळलं की वजन उचलताना मी खांदे कानापर्यंत नेते. ज्यांना रक्तदाब, हृदयविकार किंवा जुनी दुखापत आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारायलाच हवं, आणि छातीत दुखलं, चक्कर आली तर तिथेच थांबायला हवं. चालणं वाढवतानाही हीच खबरदारी घ्यायची असते.

"परदेशी व्हिडिओ बघून" या शब्दांतला तिरस्कारही मला खटकतो. चित्रं बघून, वाचून घरी व्यायाम करणं आपल्याला नवं नाही. बडोद्याहून १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांचा मराठी व्यायाम ज्ञानकोश निघाला, तो लोकांनी घरी-आखाड्यांत वापरावा म्हणूनच. साताऱ्याकडच्या औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचं पुस्तक लिहिलं आणि बायका-मुलांनी रोज नमस्कार घालावेत म्हणून आयुष्यभर प्रचार केला. पुण्यात राहून जगाला योग शिकवणाऱ्या बी. के. एस. अय्यंगारांच्या १९६६ च्या पुस्तकातली छायाचित्रं समोर ठेवून किती घरांत आसनं केली गेली असतील! १९८२ मध्ये अमेरिकी अभिनेत्री जेन फोंडाने व्यायामाची पहिली व्हिडिओ कॅसेट काढली तेव्हा ती ४४ वर्षांची होती, आणि जिममध्ये जायला संकोचणाऱ्या असंख्य बायकांनी ती आपल्या बैठकीच्या खोलीत लावली. माझी खोलीही तशीच आहे. सकाळी सव्वासहाला सोफा भिंतीला सरकवला की जागा होते, सातच्या आत तो परत जागेवर, कुकरची पहिली शिट्टी व्हायच्या आत अंघोळ. ज्या बाईचे पाच तास घरकामात जातात तिला जिमला जाणं-येणं धरून दीड तास काढायला सांगणं म्हणजे व्यायाम करूच नको म्हणण्यासारखं आहे.

वजनं उचलली की शरीर पुरुषी होतं, हे वाक्य लवकर आटोपते. पुरुषांच्या शरीरात स्नायू वाढवणारं टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक बायकांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतं. दोन-तीन किलोच्या डंबेलने बाईचे दंड पहिलवानासारखे होत नाहीत. भरलेला गॅस सिलिंडर बाई एकटीने आत ओढते, बारा किलोचं नातवंड कडेवर घेऊन जिना चढते, तेव्हा तिचं शरीर पुरुषी होईल अशी काळजी कुणी करत नाही. खरी काळजी वेगळी आहे. भारतीय बायकांची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते, आणि त्यानंतरची काही वर्षं हाडांची घनता झपाट्याने उतरते. हाड हे जिवंत असतं. भार पडला की ते टिकून राहतं, भार नसेल तर शरीर ते झिजू देतं. म्हातारपणी न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं आणि तिथून अंथरूण सुटलंच नाही, असं आपल्या प्रत्येकाच्या घरात किंवा शेजारात झालेलं आहे. डंबेल त्यासाठी आहेत.

तीस दिवसांची फसवणूक. इथे मजकूर अर्धा बरोबर आहे आणि तो अर्धा मी मान्य करते. त्या डीव्हीडीच्या वेष्टनावर तीस दिवसांत वीस पौंडांपर्यंत वजन उतरवा असं लिहिलेलं होतं. हिशोब करून पाहू. वीस पौंड म्हणजे साधारण ९ किलो. एक किलो चरबीत अंदाजे ७,७०० कॅलरी. ९ किलोंच्या झाल्या ६९,३००, म्हणजे तीस दिवस रोज २,३१० कॅलरींची तूट. माझ्या वयाची, माझ्या चणीची बाई दिवसभरात एकूण खर्च करते १,७०० ते १,९००. महिनाभर पाण्यावर राहिले तरी हा आकडा गाठता येणार नाही, आणि त्या २५ मिनिटांत जळतात जेमतेम दीडशे-दोनशे. असा दावा छापायला नको होता.

झटपट वजन उतरवण्याचं पुढे काय होतं, तेही नोंदलेलं आहे. जिलियन ज्या 'बिगेस्ट लूझर' या टीव्ही स्पर्धेमुळे प्रसिद्ध झाली, तिच्यातल्या १४ स्पर्धकांचा सहा वर्षं पाठपुरावा करून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या केव्हिन हॉल यांनी २०१६ मध्ये निष्कर्ष मांडले. तीस आठवड्यांत सरासरी ५८ किलो उतरले होते; सहा वर्षांत त्यातले ४१ परत आले. शिवाय त्यांचं शरीर विश्रांतीच्या वेळी अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. हे वाचल्यावर मी वजनकाटा कपाटावर ठेवून दिला.

पण वेष्टनावरचा आकडा खोटा म्हणून आतला व्यायाम खोटा ठरत नाही. पहिल्या तीस दिवसांत माझं वजन सव्वा किलो उतरलं. त्याच तीस दिवसांत मी गुडघे टेकून बारा जोर काढायला लागले. सुरुवातीची ही ताकद स्नायू वाढल्याने येत नाही, मेंदू आणि नसा असलेल्या स्नायूंना नीट कामाला लावायला शिकतात म्हणून येते. दोन वर्षांत साडेतीन किलो कमी झालं, कंबर मात्र ९४ सेंटिमीटरवरून ८६ वर आली. डॉक्टर बायकांसाठी ८० सांगतात, तेव्हा वाट अजून बाकी आहे. कंबर का मोजायची, याचं उत्तर तर पुण्यातच सापडलं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लंडनचे सहकारी डॉ. युडकिन यांच्याशेजारी स्वतःचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. दिसायला सडपातळ, आतून चरबीचं, असं हे आपलं शरीर. पुण्याजवळच्या गावांत त्यांनी १९९३ पासून केलेल्या अभ्यासात हे नवजात बाळांमध्येही दिसलं. म्हणूनच "तू तर बारीकच आहेस, तुला कशाला व्यायाम" हे ऐकलं की मला राहवत नाही.

राहिलं ताट. परदेशी पुस्तकातली केल, किन्वा आणि सामन मासा मी आणत नाही, आणायची गरजही नाही. मंडईत चाकवत, अंबाडी, माठ, शेपू मिळतात. राजगिरा आपल्या उपासाच्या डब्यात आहेच. पण जिलियनचं चयापचयावरचं २००९ चं पुस्तक वाचल्यामुळे मी पहिल्यांदा वही घेऊन बसले आणि भारतीय अन्नघटकांच्या तक्त्यांवरून माझ्याच ताटाचा हिशोब केला. सकाळी पोहे, दुपारी तीन पोळ्या, भाजी, पातळ वरण, थोडा भात, संध्याकाळी चहा-बिस्किट, रात्री दोन पोळ्या आणि आमटी. दिवसाची प्रथिनं चाळीस ग्रॅमही भरेनात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम धरलं तर मला ५० च्या वर हवीत. परिपूर्ण ताटात वरण पातळ होतं आणि घट्ट वाटी आधी मुलांना, ह्यांना जायची. आता पोह्यांबरोबर एक अंडं असतं, दुपारी मटकीची किंवा मुगाची उसळ, रात्री एकच पोळी आणि वाटीभर घट्ट डाळ. दिवसातून दोनदा जेवावं असं डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, थोड्या थोड्या वेळाने खावं असं ऋजुता दिवेकर, आणि त्यावरून आपल्याकडे घराघरांत वाद झाले. मला त्यात पडायचं नाही. कितीदा खायचं ते ज्याचं त्याने ठरवावं, पण बाईच्या वाटीत डाळ किती आहे हे आधी बघावं.

नणंदेला मी हे सगळं फोनवर सांगितलं. ती ४९ ची आहे, वारज्याला राहते, आणि हल्ली जिना उतरताना कठडा धरते. तिला म्हटलं, मंगळवारी आणि शुक्रवारी सव्वासहाला ये. दोन किलोच्या डंबेलची एक जोडी जास्तीची आहे, हॉलमध्ये दोन मॅट मावतात, अनिताचा प्रकार मी दाखवीन. फक्त बूट घेऊन ये, धुतलेले.