ठुशीच्या ऑर्डरविषयी आपल्या अभिप्रायाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

लेकीच्या लग्नासाठी आजींची बोरमाळ मोडून आपण आमच्याकडे ठुशी करवून घेतली आणि ती मनासारखी झाली नाही, हा आपला अभिप्राय मी लक्षपूर्वक वाचला. अडीच तोळ्यांच्या बोरमाळेचे दोनच तोळे जमा धरले, ठुशी मोबाइलवर दाखवलेल्या फोटोपेक्षा नाजूक झाली, रंग लालसर असल्यामुळे सोने कमी कसाचे वाटते, आजींचे सोने तिच्यात आहे की नाही हेच कळत नाही, आणि दुकानात विचारले तेव्हा “असेच असते” एवढेच ऐकायला मिळाले, असे आपले म्हणणे आहे. घरातली जुनी वस्तू मुशीत घालायला देणाऱ्या माणसाला ग्रॅमाग्रॅमाचा हिशेब मिळालाच पाहिजे आणि “असेच असते” हा काही हिशेब नव्हे, म्हणून मी स्वतः सविस्तर उत्तर लिहीत आहे. वजने आपणच जाहीर केली असल्यामुळे तेवढीच इथे वापरतो. बिलाची रक्कम किंवा आपल्याविषयीचा अन्य तपशील इथे येणार नाही.

प्रथम बोरमाळेविषयी. ती घरात ‘अडीच तोळ्यांची’ म्हणून ओळखली जात होती, आणि ते खरेच होते. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, त्यामुळे अडीच तोळे म्हणजे साधारण २९ ग्रॅम. आमच्या काट्यावर माळ २८.५०० ग्रॅम भरली. म्हणजे इतकी वर्षे वापरूनही तिची झीज फारशी झालेली नव्हती. मात्र हे वजन सगळे सोन्याचे नसते. बोरमाळेचा मणी पातळ पत्र्याचा आणि आतून पोकळ असतो; तो चेपू नये म्हणून त्यात लाख भरलेली असते. आपल्यासमोर पहिला मणी कात्रीने कापला तेव्हा आतली काळपट तांबडी लाख आपण बोटाने उकरून पाहिली होती, आणि आटणीच्या वेळी तिच्या धुराचा वास साऱ्या दुकानात पसरला होता. लाख जळून आणि दोरा निघून गेल्यावर जी लगड, म्हणजे आटवलेल्या सोन्याची कांडी, हातात आली ती २१.३०० ग्रॅमची होती. सात ग्रॅमहून थोडा अधिक जो फरक पडला तो आमच्या ‘घट’ लावण्यामुळे, म्हणजे वजनात कपात धरल्यामुळे, पडलेला नाही. ते वजन मुळात सोन्याचे नव्हतेच.

दुसरा फरक कसाचा, म्हणजे सोन्याच्या शुद्धतेचा आहे. आपल्या देशात सोन्याच्या दागिन्यांचे हॉलमार्किंग २००० साली सुरू झाले आणि ते सक्तीचे होण्यास २०२१ साल उजाडले. आजींची बोरमाळ त्याच्या कितीतरी आधीची आहे. त्या काळी मण्यांच्या जोडांना जो डाग, म्हणजे सांधण्याचा मिश्र धातू, देत असत, त्यात तांब्या-पितळेचा अंश बराच असे. मणी जेवढे जास्त तेवढे जोड जास्त, आणि असा दागिना आटवला की सगळा डाग सोन्यात मिसळून एकूण कस खाली येतो. लगडीचा कस ८६.४ टक्के निघाला. आम्ही मणी न तपासता लगड तपासतो, याचे कारण असे की कॅरेट मोजण्याचे यंत्र फक्त वरचा थर वाचते आणि अखंड दागिन्यावर त्याचा आकडा पुष्कळदा फसवा येतो. २१.३०० ग्रॅममध्ये ८६.४ टक्के म्हणजे शुद्ध सोने १८.४०३ ग्रॅम, तेच २२ कॅरेटच्या, म्हणजे ९१.६ टक्क्यांच्या मापाने २०.०९ ग्रॅम होते. आजच्या व्यवहारात दहा ग्रॅमला तोळा म्हणतात, म्हणून आपल्याला ‘दोनच तोळे’ दिसले. जुन्या तोळ्यातला अडीच आणि नव्या तोळ्यातला दोन हे आकडे शेजारी ठेवले की फसवणूक झाल्यासारखे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. पेढीवर आम्ही ग्रॅम आणि तोळे दोन्ही बोलतो, त्यातून असे गैरसमज होतात. ऑर्डरच्या चिठ्ठीवर मात्र आम्ही फक्त ग्रॅमच लिहितो.

आजींचे सोने ठुशीत आहे का, याचे उत्तर मी स्पष्टच देतो: तेच सोने तिच्यात नाही. ८६.४ टक्क्यांचे सोने जसेच्या तसे वापरून ९१.६ टक्क्यांचा दागिना घडवता येत नाही. त्यासाठी ते आधी गाळून शुद्ध करावे लागते, आणि एका घरचे थोडेसे सोने वेगळे गाळून त्याचाच दागिना करायचा तर वेळ आणि खर्च दोन्ही वाढतात. आम्ही ते काम करतो. आपल्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर ‘मोड जमा’ (जुने सोने जमा धरून दागिना दुसऱ्या सोन्यातून करणे) आणि ‘स्वतःचे सोने’ असे दोन पर्याय आहेत आणि लग्नाची तारीख जवळ आल्यामुळे आपण पहिला निवडला होता. तरीही आपल्या वाक्यामागची भावना मला समजते. जुने दागिने मोडायला आणणाऱ्या सर्वांना मी आग्रहाने सांगेन की तेच सोने नव्या दागिन्यात हवे असेल तर ते आटणीच्या आधी सांगावे आणि चिठ्ठीवर लिहून घ्यावे, कारण मुशीत गेल्यानंतर हा निर्णय फिरवता येत नाही.

आता ठुशीच्या आकाराविषयी. आपण दाखवलेल्या फोटोत ठुशी काळ्या मखमलीच्या मानेवर ठेवलेली होती. अशा फोटोत प्रमाण कळायला शेजारी काहीच नसते. मण्यांची जाडी आणि ओळी पाहून ती ४० ग्रॅमच्या आसपासची असावी असे मी त्याच वेळी म्हणालो होतो. आपली मर्यादा २४ ग्रॅमची होती. एवढ्या सोन्यात फोटोसारखी ठुशी करायची तर दोनच वाटा उरतात: मणी तेवढाच मोठा ठेवून पत्रा पातळ करायचा, किंवा पत्रा योग्य जाडीचा ठेवून मणी बारीक करायचा. पातळ पत्र्याची ठुशी पहिल्या दिवशी भरदार दिसते. पण ठुशी गळ्याशी घट्ट बसणारा दागिना आहे. मागची दोरी ओढली की मणी एकमेकांवर दाबले जातात आणि पातळ मणी चेपायला लागतात. चेपलेला पोकळ मणी पूर्ववत होत नाही, तो बदलावाच लागतो. लेकीने पुढची अनेक वर्षे वापरावी अशी वस्तू त्या पद्धतीने करणे मला पटत नाही आणि यापुढेही मी ते करणार नाही. म्हणून बारीक मण्यांचा नमुन्याचा सर आम्ही आपल्याला दाखवला, आणि आपली मान्यता चिठ्ठीवर घेऊनच काम कारागिराकडे दिले.

रंगाचा आणि कसाचा संबंध लोक समजतात तसा नसतो. २२ कॅरेटमध्ये शंभरातले ९१.६ भाग सोने असते आणि उरलेल्या ८.४ भागांत तांबे आणि चांदी असते. तांबे अधिक असेल तर लालसर झाक येते, चांदी अधिक असेल तर रंग फिकट पिवळा होतो. कस दोन्हीकडे तोच राहतो. पारंपरिक घडणीच्या दागिन्यांना आम्ही तांब्याचे प्रमाण थोडे जास्त ठेवतो. वरून पॉलिश देऊन रंग पिवळा करता येतो, पण मानेला घासून तो थर झिजतो आणि खालचा रंग ठिकठिकाणी दिसू लागतो, म्हणून तो उपाय मी सुचवणार नाही.

तरीही कसाची शंका मनात राहू नये. ठुशीच्या मागच्या पट्टीवर बीआयएसचे (भारतीय मानक ब्यूरोचे) चिन्ह, ‘२२के९१६’ हा कस आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, कोरलेला आहे. तो बीआयएस केअर या अ‍ॅपमध्ये टाकल्यास दागिन्याचा प्रकार, कस, सराफाची नोंदणी आणि हॉलमार्किंग करणारे केंद्र कळते. त्यानेही समाधान झाले नाही तर शहरातील कोणतेही बीआयएस-मान्यताप्राप्त केंद्र आपण निवडा. तिथल्या तपासणीचे शुल्क आम्ही भरू, आणि निकाल काहीही लागला तरी आपल्याकडून ते मागणार नाही. कस कमी निघाला तर नियमाप्रमाणे तुटीच्या दुप्पट रक्कम आम्ही देणे लागतो, आणि ती देऊ.

दिसण्याबाबत मी पुढील गोष्ट करू शकतो. समोरची ओळ मोठ्या मण्यांची केल्यास ठुशी बरीच भरदार दिसेल; त्यासाठी सुमारे सहा ग्रॅम सोने वाढेल. ते त्या दिवशीच्या भावाने घ्यावे लागेल, परंतु या कामाची घडणावळ आम्ही लावणार नाही, आणि काढलेले मणी कोणतीही घट न धरता जमा करून घेऊ. ठुशी परतच करायची असेल तर तिच्या पूर्ण वजनाचे पैसे त्या दिवशीच्या भावाने मिळतील. पहिली घडणावळ मात्र परत करता येणार नाही, कारण ती कारागिराच्या कामाची आहे आणि त्याने चिठ्ठीवरचे काम चोख केले आहे.

लगीनसराईत संध्याकाळी लक्ष्मी रस्त्यावर आणि पेढीवरही निवांत बोलणे होत नाही. आपण सोमवार ते गुरुवार दुपारी बारापूर्वी यावे. मी स्वतः गल्ल्यावर असेन. येताना ठुशी, बिल आणि ऑर्डरच्या चिठ्ठीची आपली प्रत आणावी. लगडीच्या तपासणीचा कागद आमच्याकडे जपून ठेवलेला आहे, त्याची प्रतही आपल्याला त्याच वेळी देतो.

आपला,
पेढीचा मालक