धुराची गाडी आणि गच्चीवरची टाकी

पावसाने उघडीप दिली की ठाण्यातल्या घोडबंदर रस्त्यावरच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच विचारणा सुरू होते: महापालिकेची धुराची गाडी अजून का आली नाही? त्यामागची काळजी समजण्यासारखी आहे. परंतु मलेरियाच्या बाबतीत ही मागणी चुकीच्या जागी बोट ठेवते, असे माझे मत आहे.

आपल्या शहरांत मलेरिया मुख्यतः ॲनोफिलीस स्टीफेन्साय हा डास पसरवतो आणि त्याला गटार नव्हे, तर स्वच्छ साठलेले पाणी लागते. (गटारात पोसला जातो तो क्युलेक्स, त्याच्यामुळे हत्तीरोग पसरतो, मलेरिया नाही.) झाकण तुटलेली गच्चीवरची टाकी, बंद पडलेले कारंजे, लिफ्टच्या खड्ड्यात झिरपलेले पाणी आणि बांधकाम चालू असलेल्या इमारतीत स्लॅबवर क्युरिंगसाठी, म्हणजे काँक्रीट ओले ठेवून पक्के व्हावे म्हणून, अडवलेले पाणी या त्याच्या आवडत्या जागा आहेत. अंड्यापासून डास व्हायला आपल्या हवेत साधारण आठवडा ते दहा दिवस पुरतात, म्हणूनच आठवड्यातून एक दिवस पाणीसाठे रिकामे करून कोरडे ठेवायला सांगतात. धुराने उडते डास मरतात, तेही तो त्यांच्यापर्यंत पोहोचला तर. टाकीतल्या अळ्यांना त्याचा काहीही त्रास होत नाही.

या डासाची ताकद कमी लेखू नये. आफ्रिकेत तो २०१२ मध्ये प्रथम जिबूती या छोट्या देशात आढळला. त्या वर्षी तिथे मलेरियाचे अवघे २७ रुग्ण नोंदले गेले होते. २०२० मध्ये हा आकडा ७३ हजारांवर गेला आणि या वाढीत स्टीफेन्सायचा मोठा वाटा मानला जातो.

आपल्याकडे मात्र बाहेरगावच्या मजुरांनी आजार आणला, असे सहज बोलले जाते. मजुराच्या रक्तात मलेरियाचा परजीवी असेलही, पण डास चावल्याखेरीज तो सहसा दुसऱ्याच्या शरीरात जात नाही, आणि त्या डासाला पाणी पुरवतो तो बांधकामाचा मालक किंवा आपली सोसायटी. ज्या माणसाला पत्र्याच्या खोलीत मच्छरदाणीशिवाय झोपावे लागते, त्यालाच दोषी धरणे मला पटत नाही.

उपचारांतही एक पळवाट आहे, आणि ती सुशिक्षित घरांतही दिसते. व्हायवॅक्स प्रकारच्या मलेरियात ताप दोन-तीन दिवसांत उतरतो, पण परजीवी यकृतात सुप्त राहतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा डोके वर काढतात. या सुप्त परजीवींसाठी प्रिमाक्विन या औषधाच्या गोळ्यांचा १४ दिवसांचा कोर्स असतो (गर्भवतींना ते देत नाहीत आणि जी-सिक्स-पीडी या लाल रक्तपेशींना जपणाऱ्या एन्झाइमची कमतरता असलेल्यांना त्यापासून धोका असतो, त्यामुळे ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे). ताप उतरला की उरलेल्या गोळ्या औषधांच्या डब्यात जातात, आणि पुढे पुन्हा ताप आला की तो नवा डास चावल्याचा समजला जातो.

सोसायट्यांचे तर विचारूच नका. लॉबीच्या रंगकामासाठी लाखोंचा ठराव हात वर करून मंजूर होतो, पण टाकीच्या ओव्हरफ्लो पाइपला जाळी बसवायचा विषय ‘इतर विषयां’त ढकलला जातो. मलेरिया विभागाचा कर्मचारी टाकी तपासायला आला, तर वॉचमन त्याला गेटवरच थांबवतो, कारण गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे असते आणि सेक्रेटरी ऑफिसात. आमच्या येत्या सर्वसाधारण सभेत मी दोन ठराव मांडणार आहे: गच्चीची एक किल्ली वॉचमनच्या केबिनमध्ये राहावी आणि प्रत्येक टाकीचे झाकण व जाळी दिवाळीआधी बसवून घ्यावी. धुराच्या गाडीसाठी अर्ज ज्यांना करायचा असेल, त्यांनी तो त्यानंतर खुशाल करावा.