खुलासा : ‘वीज वाचवली की वापर वाढतोच’ हे अर्धसत्य

घरगुती ऊर्जाबचतीसाठी मोहीम चालवणाऱ्यांना उद्देशून एक संदेश फिरतो आहे : ‘उपकरणं कार्यक्षम झाली की लोक ती जास्त वापरतात, म्हणून बचत शून्यच. जेव्हन्सने हे 1865 मध्येच सिद्ध केलं.’

जेव्हन्स या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाचं निरीक्षण खरं, पण ते वाफेच्या इंजिनांबद्दल आणि ब्रिटनच्या कोळशाबद्दल होतं. कोळसा कमी लागू लागला तशी इंजिनं नव्या उद्योगांत शिरली आणि एकूण खप वाढला. ते जसंच्या तसं घरातल्या दिव्याला लावता येत नाही. 60 वॉटचा जुना बल्ब रोज 5 तास जळाला तर 300 वॉट-तास वीज खातो. तेवढीच वीज खायला 9 वॉटचा एलईडी 33 तास चालू ठेवावा लागेल. दिवस 24 तासांचा! फ्रिज तर तसाही रात्रंदिवस चालूच असतो, तो ‘जास्त वापरणार’ कसा?

वापर थोडा वाढतो, हे नाकारायचं कारण नाही. विशेषतः घर गरम किंवा थंड ठेवण्यात. आधी खर्चाच्या भीतीने कुडकुडणारं कुटुंब, भिंती-छताला उष्णतारोधक थर बसल्यावर खोली जरा उबदार ठेवतं. त्यात बचतीचा काही भाग जातो, सगळी बचत सहसा जात नाही.

‘घरात बचत नको, धोरण बदला’ हा संदेशातला शेवटचा टोलाही फसवा आहे. अमेरिकेत 1970 च्या दशकापासून फ्रिजचा आकार वाढला, तरी एका नव्या फ्रिजचा विजेचा खप सुमारे तीन चतुर्थांशाने घटला. त्यात किमान कार्यक्षमतेच्या सक्तीच्या मानकांचा मोठा वाटा होता, आणि मानकं म्हणजे धोरणच. म्हणजे घरातली बचत आणि धोरण यांत एकच निवडायचं कारण नाही.