आई-बाबा आहेत तोवरच माणूस उभा करायला हवा

घरी सांभाळायला माणूस पुरवणाऱ्या ब्यूरोला फोन केला की प्रश्न ठरलेले असतात. पेशंट झोपून आहे का? डायपर आहे का? वजन किती? बारा तास की चोवीस तास? माझा धाकटा भाऊ चौतीस वर्षांचा आहे. चालतो, स्वतःच्या हाताने जेवतो, बटणं लावणं वगळता कपडे स्वतः घालतो, क्रिकेटची मॅच असेल तर घरभर स्कोअर सांगत फिरतो. त्याला मध्यम स्वरूपाची बौद्धिक अक्षमता आहे आणि फिट्स येतात. एवढं सांगून झालं की पलीकडच्या बाई विचारतात, "मग मॅडम, आमच्या माणसाने करायचं काय?"

प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे आजाऱ्याची सेवा करणारी माणसं मिळतात, म्हाताऱ्यांना बघणारी मिळतात, बाळ-बाळंतिणीला न्हाऊमाखू घालणाऱ्या बायका मिळतात. पण मोठ्या झालेल्या विशेष मुलाबरोबर राहणं, त्याला जमतं ते त्याचं त्याला करू देणं आणि अडेल तिथेच हात देणं, हे शिकून करायचं, पगार घेऊन करायचं काम आहे असं आपण अजून मानलेलंच नाही. ते आई करते. आई थकली की बहिणीकडे बघितलं जातं.

अठरा वर्षांपर्यंत निदान शाळा असते. त्यानंतर नशीब बरं असेल तर कार्यशाळा, म्हणजे पणत्या रंगवणं, पाकिटं करणं, फाइली बांधणं. महाराष्ट्रात या क्षेत्रात फार मोठी कामं झाली आहेत. पुण्यात कामायनी १९६४ पासून आहे. नाशिकला रजनी लिमये यांनी १९७७ मध्ये प्रबोधिनी सुरू केली, त्या स्वतः अशा मुलाच्या आई होत्या. डोंबिवलीजवळ खोणीला पालकांनीच एकत्र येऊन 'घरकुल' उभं केलं. या सगळ्यांबद्दल मला अतोनात आदर आहे. पण कार्यशाळा दुपारी सुटते आणि संध्याकाळ, रात्र, रविवार, दिवाळीची सुट्टी घरीच असते. निवासी संस्था मोजक्या, जागा त्याहून मोजक्या. आणि जागा मिळाली तरी मुलाचा दिवस कसा जाणार हे तिथे सांभाळणाऱ्या मावशी आणि मामांवरच ठरतं. म्हणजे संस्था असो की घर, प्रश्न फिरून त्याच माणसापाशी येतो.

शिवाय ही मुलं आता जगतात, आणि ही फार आनंदाची गोष्ट आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतही डाऊन सिंड्रोम असलेल्यांचं सरासरी आयुष्य पंचवीस वर्षांच्या आसपास होतं, आज ते साठीच्या घरात गेलंय. साठीच्या मुलाची आई किती वर्षांची असेल, हा हिशोब प्रत्येक पालकाने मनात केलेला असतो आणि मोठ्याने कुणी बोलत नाही.

आता हे काम म्हणजे नेमकं काय, ते सांगते, कारण खरी अडचण इथेच आहे.

भावाची दाढी करून देणं पाच मिनिटांचं काम आहे. त्याला दाढी करायला लावणं पाऊण तासाचं. आधी आरशासमोर उभं राहायचं, मग फक्त क्रीम लावायचं, गालावरून रेझर खाली आणायचा, हनुवटीपाशी थांबायचं. हे महिनोन्महिने चालतं. एक दिवस तो डावा गाल स्वतः करतो आणि उजवा आपल्यापुढे करतो. बहुतेक अटेंडंट, अगदी प्रेमळसुद्धा, पाच मिनिटांवालं काम करतात आणि मग त्याला टीव्हीसमोर बसवतात. घरच्यांनाही बरं वाटतं, कारण घर शांत असतं. अशा शांततेत दोन वर्षं गेली की जे येत होतं तेही जातं. चहा गाळता येणारा मुलगा कप उचलून देण्याची वाट बघत बसतो.

फिट आली की आपल्याकडे अजूनही लोक कांदा नाहीतर चप्पल नाकाशी धरतात, दातात चमचा घालायला जातात. यातलं काहीही करायचं नसतं. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं, आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करायच्या आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना गाठायचा. हे शिकवायला अर्धा तास पुरतो, पण आमच्याकडे येणाऱ्या माणसांना तो अर्धा तास आधी कुणी दिलेलाच नसतो.

सगळ्यात अवघड काम आहे वागण्याचा अर्थ लावणं. मध्यंतरी भाऊ एकदम चिडचिडा झाला. हाताला चावायचा, ताट ढकलायचा. तेव्हा त्याला सांभाळायला जे दादा होते त्यांनी चारच दिवसांत निकाल दिला, हा बिघडलाय, याला गोळी वाढवा. त्यांच्यानंतर जे आले ते कार्यशाळेतून आलेले, वयाने लहान, शिक्षण दहावी. त्यांनी बघितलं की ताट ढकलतो ते पोळी असली की, भात असला की नाही. दाढ किडली होती. ज्याला "दुखतंय" म्हणता येत नाही, त्याचं दुखणं ओळखणं हे कौशल्य आहे. स्वभाव चांगला असणं वेगळं, हे वेगळं. आणि कौशल्य असेल तर त्याचा मोबदलाही तसाच द्यायला हवा.

माणूस निवडताना आम्ही आता समोर बसवून प्रश्न विचारत नाही. त्याला भावाबरोबर तासभर सोडतो आणि आपण आसपास राहतो. तो भावाशी बोलतो की भावाबद्दल आम्हाला विचारतो, "याला काय आवडतं?", यावरून फार कळतं. शर्ट कुठला घालू हे त्याला विचारतो का, उत्तराला वेळ लागला तर थांबतो का. ज्याला थांबता येतं त्याला बाकी सगळं शिकवता येतं, असा माझा अनुभव आहे. ओळखपत्र, पोलिस पडताळणी, आधीच्या दोन घरी फोन, हे तर करायचंच. ज्यांच्या घरी मुलगी आहे त्यांची भीती मी इथे चार ओळींत मांडू शकणार नाही. एवढंच म्हणेन की "आमच्या ओळखीचा आहे" ही पडताळणी नव्हे, आणि दार आतून बंद करून कुणी बसायचं नाही हा नियम पहिल्या दिवशी, सगळ्यांसमोर सांगायचा.

आता पैसे. पुण्यात चोवीस तासांचा माणूस ठेवायचा तर महिन्याला वीस-पंचवीस हजार जातात. ज्यांची पेन्शन तेवढी नाही त्यांनी काय करायचं? २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात काळजीवाहकाची व्याख्या आहे. पगारी माणूस आणि बिनपगारी घरचे, दोघंही तीत येतात. जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद कलम २४ मध्ये आहे, पण सरकारच्या "आर्थिक कुवतीच्या मर्यादेत". केरळने आश्वासकिरणम योजनेत घरी सांभाळणाऱ्यांना महिना ६०० रुपये दिले. रक्कम तुटपुंजी आहे, पण या कामाची दखल सरकारी कागदावर आली. महाराष्ट्राने यापुढे जायला हवं असं मला मनापासून वाटतं. आयकरात तीव्र दिव्यांगत्वासाठी वर्षाला १,२५,००० रुपयांची वजावट मिळते, तीही जुनी करपद्धत घेतली तर. वर्षाच्या तीन लाख पगारापुढे ती किती पुरणार? आणि जो करच भरत नाही, त्या घराला तर तीही नाही.

राष्ट्रीय न्यास, म्हणजे बौद्धिक अक्षमता आणि तशा इतर दिव्यांगांसाठीची केंद्र सरकारची संस्था, १९९९ च्या कायद्याने आला. त्याची 'निरामय' विमा योजना आहे, ती जरूर घ्या. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडून कायदेशीर पालकत्वाचा दाखला मिळतो, तोही मूल अठराचं झालं की करून घ्या. काळजीवाहकांच्या प्रशिक्षणासाठी 'सहयोगी' नावाची योजनाही याच न्यासाची. पण दाखला मिळालेला पालक बँकेत सही करतो. सकाळी सात वाजता आंघोळीचं पाणी काढायला कुणीतरी लागतंच.

फक्त पैशाने सुटेल असंही नाही. माझी मावसबहीण न्यू जर्सीत असते. तिच्या लेकीसाठी मदतनीसाचा पगार सरकारी योजनेतून येतो. तरी माणूस मिळायला महिने जातात, कारण पगार कमी आणि काम दमवणारं. तिथे या कामातले साधारण चाळीस टक्के लोक वर्षभरात नोकरी सोडतात. मदतनीस बदलला की लेक आठ-आठ दिवस नीट जेवत नाही, असं ती सांगते. म्हणजे माणूस मिळवण्याइतकंच त्याला टिकवणं महत्त्वाचं आहे. आपल्याकडे हे दादा नांदेड, लातूर, गोंदियाहून येतात, आपल्याच हॉलमध्ये झोपतात, आणि महिन्यात एक सुट्टी मागितली तर आपल्या कपाळाला आठी पडते. सुट्टी त्यांचा हक्क आहे. ती पाळता यावी म्हणून बदली माणूस आधीपासून ओळखीचा हवा.

आणि आता जे लिहायला सगळ्यात जड जातंय ते. पालक संघात बऱ्याच आया म्हणतात, "माझ्याशिवाय त्याला कुणाचं चालतच नाही." त्यात किती वर्षांची माया आहे ते मला माहीत आहे, माझी आईसुद्धा हेच म्हणत होती. पण काकू, मावशी, तुम्हा सगळ्यांना हात जोडून सांगते, त्याला दुसऱ्या कुणाचं चालायला लागणं ही आता तुम्ही त्याला देऊ शकाल अशी सर्वांत मोठी गोष्ट आहे. आई गेल्यावर त्याच आठवड्यात अनोळखी माणूस घरात आला, तर त्याच्यासाठी दोन्ही आघात एकदम होतात. आई स्वयंपाकघरात आहे, बाबा पेपर वाचतायत आणि दादा त्याला आंघोळ घालतायत, असे काही वर्षांचे दिवस मध्ये जायला हवेत. त्या दिवसांतच दादांनाही कळतं की कुकरची शिट्टी झाली की याचे कान का झाकावे लागतात.

मी बहीण आहे, भावाला कधीच सोडणार नाही. पण "ताई आहे ना" हे सगळ्या प्रश्नांचं उत्तर असू शकत नाही. माझी नोकरी आहे, माझी मुलं आहेत, आणि मीही म्हातारी होणार आहे. सगळं एकटीने करण्यापेक्षा त्याच्याबरोबर असणाऱ्या चांगल्या माणसांच्या पाठीशी उभं राहणं मला जास्त वर्षं जमेल.

आम्ही सिंहगड रस्त्यावरची चार घरं मिळून एक प्रयत्न सुरू करतोय. दोन पगारी माणसं, एक बदली, महिन्याला ठरलेल्या सुट्ट्या आणि कामाला लागण्याआधी विशेष शिक्षिकेकडून पंधरा दिवसांचं प्रशिक्षण, पगारासकट. प्रत्येक मुलाची एक वही करतोय: औषधं, फिट येण्याआधीची लक्षणं, आवडतं गाणं, काय केलं की चिडतो, काय केलं की शांत होतो. वहीत भर दादांनी घालायची, आम्ही फक्त वाचायची.

ज्यांनी असं काही केलंय, फसलंय किंवा जमलंय, त्यांनी कृपया कमेंटमध्ये सविस्तर लिहा. आणि तुमच्या ओळखीत कार्यशाळेत किंवा निवासी संस्थेत काम केलेला, आता घरी बसलेला कुणी मामा, मावशी, दादा असतील, तर त्यांना ही पोस्ट वाचून दाखवा आणि मला इनबॉक्स करा. पगार, सुट्टी आणि कामाचे तास आम्ही लिहून देऊ.