‘टक’ त्राटकातून आली नाही, आणि सूर्याकडे तर बघूच नका

सध्या पुण्यातल्या सोसायट्यांच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मजकूर फिरतोय. ‘टक लावणे’ आणि ‘टकमक’ हे म्हणे ‘त्राटक’ (नजर एका जागी रोखून बघायची योगक्रिया) या संस्कृत शब्दाचे अपभ्रंश. रायगडावर मावळे जिथे त्राटक करायचे, ते टकमक टोक. इंग्रजांनी ‘टेक अ लुक’ आपल्याकडूनच उचललं. आणि सगळ्यात शेवटी, ठळक अक्षरांत: मुलांना रोज सकाळी दहा मिनिटं पापणी न लवता सूर्याकडे बघायला लावा, चष्मा सुटेल.

नुसती व्युत्पत्ती असती तर हसून सोडून दिली असती. पण हे प्रकरण कोथरूडच्या माझ्या मावशीपर्यंत पोचलं आणि तिने सहावीतल्या नातवाला चष्मा काढून गॅलरीत उभं केलं. ‘डोळ्यांतून पाणी आलं की समजायचं, गुण येतोय.’ पोरगा आत येऊन वही उघडून बसला आणि मला म्हणाला, ‘काका, जे अक्षर वाचायला जातो त्याच्यावरच हिरवा ठिपका येतो. बाजूची दिसतात.’ ठिपका काही वेळाने गेला. नशीब.

कारण ठिपका यायची ती जागाच नाजूक. डोळ्यातलं भिंग ऊन गोळा करून डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मधोमध, पीतबिंदूवर टाकतं. वाचतो, चेहरे ओळखतो ते याच जागेच्या जोरावर. पडद्याला दुखणं कळत नाही, त्यामुळे तो भाजत असताना माणूस आरामात उभा असतो. इजा झालीच तर कधी भरून येते, कधी डाग कायमचा राहतो, आणि त्यावर खात्रीचा इलाज नाही. ‘अरे, कोवळं ऊन असतं ते!’ असं मावशी म्हणाली. क्षितिजावरचा तांबडा गोळा त्यामानाने मवाळ असतो, मान्य. तरी त्याच्याकडेही टक लावायची नसते. आणि कोथरूडच्या गॅलरीतून क्षितिज दिसतंय कुठे? समोरच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीमागून सूर्य डोकावतो, तोवर तो पांढराफटक झालेला असतो.

राहिला चष्मा. शाळकरी पोरांचा मायनस नंबर बहुतेक वेळा नेत्रगोल लांबट झाल्याने येतो; प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच पडते. रोखून बघितल्याने गोल आखूड होत नाही. हां, मुलं दिवसाउजेडी बाहेर खेळली तर नंबर लागायचा धोका कमी होतो, एवढं अभ्यासांतून दिसलंय. मग खेळायला पाठवा की!

‘शास्त्रात लिहिलंय’ म्हणणाऱ्यांनी शास्त्र उघडावं. स्वात्मारामाच्या हठप्रदीपिका या हठयोगावरच्या ग्रंथात, दुसऱ्या उपदेशात म्हणजे अध्यायात, त्राटकाची व्याख्या आहे: ‘निरीक्षेन्निश्चलदृशा सूक्ष्मलक्ष्यं समाहितः। अश्रुसंपातपर्यन्तमाचार्यैस्त्राटकं स्मृतम्॥’ एकाग्र होऊन, नजर न हलवता, अश्रू येईपर्यंत सूक्ष्म लक्ष्याकडे, म्हणजे बारीकशा बिंदूकडे, बघणं. मावशीचं ‘पाणी येईपर्यंत’ यात आहे, सूर्य नाही. पुढच्याच श्लोकात त्राटक नेत्ररोग घालवतं असंही म्हटलंय, ते लपवण्यात अर्थ नाही. पण तिथे चष्म्याच्या नंबराची गोष्ट नाही, आणि व्याख्येतला बिंदू सोडून सूर्य घ्यायची मुभा तर त्यातून मुळीच मिळत नाही.

आता शब्द. संस्कृतातला शब्द झिजत मराठीत येतो तेव्हा त्याची एक ठरलेली वाट असते. सुरुवातीच्या ‘त्र’चा ‘त’ होतो: त्रीणि–तीन, त्रयोदश–तेरा, त्रुट्–तुटणे. दोन स्वरांमधल्या ‘ट’चा ‘ड’ होतो: घोटक–घोडा, कीटक–किडा, वट–वड. शेवटचा ‘क’ तर गळूनच जातो. या वाटेने त्राटक आलं असतं तर ‘ताडा’सारखं काहीतरी झालं असतं. पुढचा ‘त्रा’ आख्खा गिळून मागचं ‘टक’ जसंच्या तसं हाती लागेल, असा काही नियम नाही. ‘टकमक’ हा लुकलुक, मिचमिच यांच्या घरातला शब्द, नादावर आणि हालचालीवर बेतलेला. हिंदीत टकटकी आणि टुकुर-टुकुर, गुजरातीत टगर-टगर, सगळी एकाच चालीची भावंडं.

शिवाय अर्थही जुळत नाही. त्राटकात नजर हलली की संपलं. टकमक बघतं ते तुळशीबागेत आईच्या कडेवर बसलेलं पोर: डोळे मोठ्ठे, आत्ता बांगड्यांवर, आत्ता फुग्यांवर, एका जागी ठरतील तर शपथ.

टकमक टोकाबद्दल परंपरेने सांगितलं जातं ते कडेलोटाचं. गुन्हेगारांना जिथून खाली लोटत, तिथे मावळे ध्यानाला बसवायची कल्पना कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाली देव जाणे. पालघर जिल्ह्यात टकमक नावाचा अख्खा गड आहे, तिथे काय त्राटकाचं शिबिर भरायचं? आणि ‘टेक’ इंग्रजीत आला युरोपच्या उत्तरेकडच्या नॉर्स लोकांच्या ‘टाका’वरून, इंग्रजांची गलबतं सुरतेला लागायच्या कितीतरी शतकं आधी.