‘प्रभाग रचना संगणकावर होते, तिच्यात राजकारणाला वाव नाही’: खरंच?

महापालिका निवडणुका जवळ आल्या की एक मेसेज हमखास फिरतो. त्याचा सारांश असा: “प्रभाग रचना जनगणनेच्या आकड्यांवर, ठरलेल्या नियमांनी, संगणकावर होते. दहा टक्क्यांहून जास्त फरक चालत नाही. काम निवडणूक आयोगाचं, सरकारचा संबंध नाही. पटलं नाही तर हरकत घ्या. ओरडतात ते हरायला निघालेले.” यातला आकड्यांचा भाग खरा आहे. निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाही.

“सरकारचा संबंध नाही.” मार्च 2022 मध्ये विधिमंडळाने एकमताने कायदा बदलून प्रभाग रचनेचे अधिकार राज्य सरकारकडे घेतले. 2025 ची रचना त्याच वाटेने झाली: आराखडा महापालिका आयुक्तांनी करायचा, तो नगरविकास विभागामार्फत राज्य निवडणूक आयोगाकडे जाणार, आयोग मान्यता देणार. शेवटचा शिक्का आयोगाचाच, पण कागद तिथे पोहोचण्याआधी मंत्रालयातून फिरून येतो.

“दहा टक्क्यांहून जास्त फरक चालत नाही.” पुण्याचं गणित मांडून बघा. 2025 च्या रचनेत धरलेली लोकसंख्या सुमारे 34 लाख 81 हजार, नगरसेवक 165. म्हणजे एका जागेमागे साधारण 21,100 आणि चार सदस्यांच्या प्रभागाची सरासरी 84,400 च्या आसपास. दहा टक्के खाली-वर धरले तर एक प्रभाग 76 हजारांचा आणि शेजारचा 92 हजारांचा, दोन्ही नियमात. हा सोळा हजारांचा फरक आपण बाजूला ठेवू, कारण खरी मेख त्यात नाहीच. दोन्ही प्रभाग अगदी 84,400 चे केले तरी कोणती वस्ती कुठे टाकायची, हा प्रश्न तसाच उरतो. लोकसंख्येच्या समानतेने ‘किती’ एवढंच ठरतं, ‘कोण’ ते नाही.

“नियम ठरलेले आहेत.” आहेत. सुरुवात उत्तरेकडून, शेवट दक्षिणेत. जनगणनेचा प्रगणक गट, म्हणजे मोजणीसाठी आखलेला वस्तीचा सर्वांत छोटा तुकडा, फोडायचा नाही. सीमा शक्यतो नदी, नाला, मोठा रस्ता, रेल्वेमार्ग यांवरून न्यायची. अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्या शक्यतो तोडायच्या नाहीत. पण प्रगणक गट साधारण सहा-सातशे माणसांचा असतो, म्हणजे पुण्यातल्या एका प्रभागात असे सव्वाशेच्या आसपास गट. आतले गट कुणी हलवत नाही, हलतात ते कडेचे. त्यात नियम एकमेकांना छेद देतात: वस्ती अखंड ठेवली तर नाला ओलांडावा लागतो, नाला पाळला तर लोकसंख्या बसत नाही. अशा वेळी कोणता नियम वाकवायचा हे संगणक सांगत नाही, टेबलावरचा माणूस ठरवतो.

कडेचा एक गट काय करू शकतो ते आरक्षणात दिसतं. अनुसूचित जातींच्या जागा त्या लोकसंख्येच्या टक्केवारीच्या उतरत्या क्रमाने दिल्या जातात. समजा शेवटच्या राखीव जागेसाठी दोन प्रभाग काठावर आहेत, एक 15.1 टक्क्यांचा, दुसरा 14.9 चा. दुसऱ्याची लोकसंख्या 84,000 धरा. त्याच्यात तिसऱ्या शेजाऱ्याकडचा सातशे लोकांचा एक गट आणला आणि त्यात चारशे जण अनुसूचित जातीचे असले, की टक्केवारी 15.2 वर जाते आणि राखीव जागा तिकडे सरकते. पाच वर्षं तयारी केलेल्या इच्छुकाचा पत्ता कट! नकाशावर हा बदल नखाएवढाही दिसत नाही.

पण रेषांपेक्षा मोठी गोष्ट मेसेजमध्ये नाहीच: प्रभागात सदस्य किती. हे सरकार कायद्याने ठरवतं. पुण्यात 2007 ला एक सदस्य, 2012 ला दोन, 2017 ला चार. पुढे मविआ सरकारने तीनचा निर्णय घेतला, शिंदे सरकारने पुन्हा चार केले. जनगणना 2011 चीच, तरी 2022 च्या आराखड्यात पुण्याचे 58 प्रभाग आणि 173 नगरसेवक होते. 2025 ला 41 आणि 165. मुंबईत प्रभाग एकसदस्यीयच, पण तिथेही 227 चे 236 झाले आणि पुन्हा 227.

याने निकाल कसा बदलतो? चार सदस्यांच्या प्रभागात अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी मतदार चार मतं देतो. एखाद्या पॅनेलला, म्हणजे एकाच पक्षाच्या चार उमेदवारांना, प्रभागभर 40 टक्के मतं असली आणि बाकीची तिघांत विभागली, तर चारही जागा त्याच पॅनेलला. तेच क्षेत्र चार वॉर्डांत कापलं असतं, तर एखाद्या पेठेत जोर असलेल्या छोट्या पक्षाला किंवा अपक्षाला एक जागा मिळाली असती. म्हणून मोठ्या पक्षांना मोठा प्रभाग आवडतो. रंग कोणताही असो.

“पटलं नाही तर हरकत घ्या.” घ्यावीच, पण ‘आमची सोसायटी तोडली, अन्याय झाला’ एवढ्यावर ती सुनावणीत टिकत नाही. प्रगणक गटाचे क्रमांक, त्यांची 2011 ची लोकसंख्या, कोणता निकष मोडला आणि पर्यायी सीमा, हे चारही द्यावं लागतं. बहुतेकांचं घोडं पर्यायावर अडतं: आपला प्रभाग सुधारताना शेजारचा दहा टक्क्यांबाहेर जातो. अंतिम रचनेनंतर कोर्टाचा रस्ताही अरुंद आहे, कारण प्रभागांच्या सीमांबाबत कोर्टाच्या हस्तक्षेपाला मर्यादा घालणारं राज्यघटनेचं कलम 243 झेडजी आडवं येतं.

“ओरडतात ते हरणारे.” असतीलही. आज ओरडणाऱ्यांनी सत्तेत असताना हेच केलंय. शिवाय प्रत्येक वेडावाकडा प्रभाग म्हणजे कारस्थान नव्हे. पुण्यात मुळा-मुठा आणि हद्दीबाहेरची कॅन्टोन्मेंट यांमुळे काही सीमा वाकणारच. समाविष्ट गावांचंही तसंच. 2017 ला 11 आणि 2021 ला 23 गावं आली, तिथे नंतर टॉवर उभे राहिले, पण मोजणी 2011 चीच. नवी जनगणना नसताना अधिकारी तरी काय करणार? कागदावर समान असलेल्या प्रभागांत मतदारांची संख्या मात्र बरीच वेगळी निघते.

रचना अंतिम झाल्यावर विधानसभेची मतदार यादी प्रभागवार फोडली जाते आणि सीमेवरच्या इमारती चुकून पलीकडच्या प्रभागात पडतात. प्रारूप यादी लागली की प्रभाग क्रमांकासह नाव तपासायचं आणि चूक असल्यास मुदतीतच हरकत द्यायची. ती पुराव्यानिशी सिद्ध करणं सीमेच्या हरकतीपेक्षा कितीतरी सोपं असतं.